अकरा नर झाडं

वडिलांच्या तेराव्याची पंगत उठली, पत्रावळ्या गोळा झाल्या आणि दादानं खिशातून कागद काढला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच भावंडं, आई आधीच गेलेली. कागद हक्कसोडीचा होता. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडते, भावाला देते, माझी काही तक्रार नाही, असं वकिलाकडून लिहून आणलेलं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावांत हे असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ साडी देतो, वहिनी ओटी भरते आणि सगळे म्हणतात, बघा, किती गुणाची. जी करत नाही तिचं माहेर तुटतं. कुणी हाकलून देत नाही हं, कुणी वाकडा शब्द बोलत नाही. फक्त दिवाळीला कुणी न्यायला येत नाही.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. मी नर्स. मुरबाडात सासर, आणि कल्याणच्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सगळी नोकरी गेली. वॉर्डातल्या बायकांना मीच सांगायचे, अगो, मुलीलाही वाटा असतो, अंगठा उठवायच्या आधी वाचून घे. दुसऱ्याला सांगायला काय लागतं! स्वतःच्या अंगणात, चुलत्यांसमोर, वडील जाऊन तेरा दिवस झालेले असताना "मला अर्धं पाहिजे" म्हणायला जीभ उचलत नाही. माझीही उचलली नाही. पण पेनही हातात धरवेना.

"भाताची खाचरं तुला, विहीर तुला, घर तुला," मी म्हटलं. "मला फक्त माळ दे."

अख्खी ओटी हसली. माळ म्हणजे गावामागच्या उतारावरचा तुकडा. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्या खाली कातळ. पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं आणि दिवाळीनंतर थेंब सापडत नाही. आजोबांनी तिथे नाचणी घालून पाहिली होती आणि नाद सोडला होता. वैशाखातल्या दुपारी त्या कातळावर कुणी अनवाणी उभं राहून दाखवावं, मी नाव बदलून टाकीन.

"माळ घेऊन काय करशील गो बाय?" दादा म्हणाला. "डोकं आपटशील?"

"माझं डोकं, मी आपटीन."

काय करणार होते हे मलाही ठाऊक नव्हतं, खरं सांगते. एवढंच ठाऊक होतं की सासरचं घर आधी सासऱ्यांच्या नावावर, मग नवऱ्याच्या नावावर, पुढे मुलाच्या नावावर जाईल, आणि माझ्या नावावर रेशनकार्डातली एक ओळ. कुठल्या तरी सातबाऱ्यावर माझं एकटीचं नाव लागावं, मग तो सातबारा दगडांचा का असेना. माहेरी गेले तर दर वेळी पाहुणी म्हणून नको, माझ्या मालकीच्या जागेत पाय ठेवायला मिळावा. एवढीच हाव होती. हावच म्हणा.

दादा चिडला नाही. त्याला गंमत वाटली. "बरं," म्हणाला, "तिथं झाड लाव आणि फळ दाखव. आठ दिवाळ्या देतो तुला. फळलं तर माळ तुज्या नावावर करतो, हे चुलत्यांसमोर सांगतंय. नाय फळलं तर गुमान सही करायची."

चुलते म्हणाले, ठरलं. मीही म्हटलं, ठरलं. माझा हा स्वभावच मेला असा, कुणी पैज लावली की डोक्यात वारं शिरतं. ज्या जमिनीत कायद्यानं माझा अर्धा वाटा होता तिच्यातल्या सगळ्यात भिकार तुकड्यासाठी मी पैज लावून बसले, आणि वर मला वाटत होतं की मी जिंकून आले. एसटीत मुरबाडपर्यंत मी एकटीच हसत होते.

सगळे म्हणाले, काजू लाव. काजू लावला असता तर चौथ्या-पाचव्या वर्षी माळ माझा होता. पण काजू आमच्या गावात ज्याच्या त्याच्या बांधावर आहे. तो फळला असता तर दादा म्हणाला असता, त्यात काय, तो आपोआपच येतो. मला असं काही हवं होतं की सगळ्यांनी तोंडात बोट घालावं.

शहापूरच्या बाजूला फार्महाऊसवाल्यांना रोपं विकणारा एक नर्सरीवाला होता. एका सुट्टीच्या दिवशी मी जीपनं त्याच्याकडे गेले आणि माळाचं वर्णन केलं. त्यानं एक तपकिरी, चपटी, चिंचेहून लांब शेंग माझ्या हातात ठेवली. "चावून बघा ताई." चावली. गुळात कोको कालवल्यासारखी गोड. कॅरोब म्हणतात, तो म्हणाला, समुद्रापलीकडच्या कोरड्या मुलखातलं झाड. ऊन जेवढं मिळेल तेवढं खातं. मुळं कातळाच्या भेगांतून खाली उतरतात, एकदा जीव धरला की पाणी मागत नाही. फक्त पावसात बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही आणि घाई करायची नाही. सहा-सात वर्षं लागतात. यात नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी, बी लावलं तर नर किती निघतील आणि मादी किती ते फुलल्यावरच कळेल, असंही त्यानं सांगितलं. हे मी नीट ऐकलं. त्याचा अर्थ काय, हे मात्र विचारलं नाही. मी बोटांवर वर्षं मोजत होते. आठ दिवाळ्यांत बसत होतं.

बी घट्ट, दगडासारखं. प्रत्येकाचं टोक नेलकटरनं कुरतडून गरम पाण्यात भिजत घालायचं, फुगलं की लांब पिशवीत लावायचं, कारण त्याचं मूळ आधी खाली धावतं. मुरबाडच्या आमच्या गच्चीत मी पस्तीस रोपं वाढवली. सासूबाई म्हणायच्या, नातवंडांसारखी काय बघतेस त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर ती माळावर नेली. दर दोन रोपांमागे एकदा तरी पहार कातळावर आदळून मनगट झिणझिणायचं. प्रत्येक झाडाभोवती मातीचा उंचवटा केला, वरच्या अंगाला चर काढला, म्हणजे पावसाचं पाणी बाजूनं निघून जाईल. तरी पहिल्या पावसाळ्यात बरीच कुजली. मुळं उपटून बघितली तर काळी, मऊ. मग उन्हाळ्यात एक शेळ्यांनी खाल्लं, दोन वणव्यात गेली. एकोणीस राहिली.

माझी सुट्टी रविवारी असायची. तशी मी ती मागून घेतली होती, बाकीच्या सिस्टर नावं ठेवायच्या. रविवारी सकाळची एसटी पकडून मी गावात उतरायची, दादाकडे चहा घ्यायची आणि माळावर जायची. ऊन चढेपर्यंत आळी करायची, गवत काढायचं, करवंदीच्या काट्यांचं कुंपण नीट करायचं. दुपारी वहिनीच्या हातची भाकरी आणि सुकटीची चटणी. दादाशी गप्पा. लग्न झाल्यापासून वीस वर्षांत मी माहेरी जेवढी राहिले नव्हते तेवढी त्या रविवारांत राहिले.

आणि दादाबद्दल खोटं कशाला बोलू. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत झाडांना पाणी त्यानंच घातलं. बैलगाडीत पिंप ठेवून विहिरीवरून माळापर्यंत न्यायचं, तेही आठवड्यातून दोनदा, हे मला कल्याणला बसून जमणार होतं थोडंच? वणवा आला त्या दिवशी तो आणि वहिनी ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होते. त्याच्या पायाला भाजलं, मी ड्रेसिंग केलं. चेष्टा मात्र सोडायचा नाही. कॅरोब हा शब्द त्यानं कधी धड उच्चारला नाही, मुद्दाम करोड म्हणायचा. "काय गो बाय, करोड लागले काय झाडाला?" गावातल्या बायकाही मग तेच म्हणायला लागल्या. सिस्टरचं करोडाचं झाड. मीही हसायची. मला वाटायचं, हसा, हसा, एक दिवस तुमच्या तोंडात शेंग घालीन.

झाडं देखणी झाली हो. गर्द हिरवी, जाड चकचकीत पानं, भर उन्हाळ्यात आसपास सगळं करपलेलं असताना ती एकोणीसच तेवढी हिरवी. मुरबाडकडून येणारी एसटी वळणावर आली की खिडकीतून दिसायची. मी शेजारच्या बाईला सांगायची, ती माझी आहेत. बाई विचारायची, माळ तुमचा का? मी म्हणायची, होणार आहे.

सहाव्या वर्षी पाऊस संपता संपता फुलं आली. जुन्या जाड फांद्यांवर, सालीतूनच फुटलेली, बारीक बारीक. मी एकेका झाडाजवळ जाऊन बघितलं. आठ झाडांवर हिरवट, मुकाट्यानं बसलेली फुलं, आणि अगदी थोडी. अकरा झाडांवर मात्र तांबूस पिवळे तुरे, भरभरून, आणि त्यांचा वास असा की चारचौघांत कशासारखा ते सांगता येऊ नये. नाकाला पदर लावून मी ओळखलं, हे नर.

आता इथे पपईचं सांगायला हवं. आमच्याकडे पपई कुणी लावत नाही, ती उगवते. न्हाणीच्या सांडपाण्यावर, उकिरड्याजवळ, कुठेही. पुरुषभर वाढली की लांब देठांवर फुलं लोंबायला लागतात, मग घरातलं कुणीतरी म्हणतं, हात् मेला, नर निघाला, आणि कोयता घेऊन तो तोडून टाकतं. नुसता जागा अडवतो, पाणी पितो, देत काही नाही. मादी राहते आणि तिला पपया लागतात. माझ्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं, मी सासरी हेच केलं. कधी चुकलं नाही. नर ठेवला नाही म्हणून कुणाची पपई उपाशी राहिलेली मी बघितली नव्हती.

त्यात पाण्याची ओढ होती. पिंपभर पाणी एकोणीस झाडांत वाटायचं, त्यातली अकरा फुकट खाणारी. ती काढली तर आठ जणींना पोटभर मिळेल, लवकर फळतील, असा माझा हिशोब. तोंडावर आलेली दिवाळी सोडली तर दोनच दिवाळ्या पुढे उरल्या होत्या.

पुढच्या रविवारी मी दादाला सांगितलं, "नर काढून टाकते रे. काय म्हणतोस?"

तो ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होता. वर न बघता म्हणाला, "तुजी झाडं, तुजा इचार."

मग तो माझ्याबरोबर माळावर आला. मी पहिलं झाड तोडलं आणि दमले, बाकीची त्यानं तोडली. तोडताना म्हणाला, "नुसता बुंधा ठेवू नको गो, परत फुटतील. मुळापासनं काढ." आणि स्वतःच पहार घेऊन खोडं खणून काढली. दोन रविवार लागले त्याला. मला भरून आलं होतं, अगदी खरं सांगते. ज्या पैजेत हरला तर माळ जाणार, त्याच पैजेसाठी हा माणूस घामाघूम होऊन माझी खोडं उपटतोय. सगळ्या फांद्या त्यानं राबाला नेल्या. म्हणजे त्या वाळवून उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतात, त्या राखेत मग भात पेरतात. माझ्या अकरा नरांवर त्या वर्षी दादाचं भात छान उगवलं.

सातव्या वर्षी आठही झाडं फुलली. चांगली फुलली. मी रोज एकाला तरी सांगायची, या वेळेला बघा. पंधरा दिवसांनी फुलं सुकली, महिन्याभरानं गळून पडली. एक शेंग नाही. मला वाटलं, पहिलटकरणी आहेत, होतं असं. शेणखत घातलं, बुंध्यांना गुळाचं पाणी शिंपडलं, मधमाश्या याव्यात म्हणून. माश्या आल्या, मुंग्या आल्या, शेंग आली नाही. आठव्या वर्षी पुन्हा फुलं आली, आणि माझी झोप उडाली.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी कल्याणला शेतीचं एक प्रदर्शन होतं. ड्युटी संपवून मी गेले. एका टेबलाशी झाडांची माहिती देणारी मुलगी बसली होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिला मी मोबाइलमधले फोटो दाखवले. ती खूश झाली, म्हणाली, "वा, आपल्याकडे कॅरोब कुणी लावलेलं मी पहिल्यांदाच बघते. सगळ्या मादी दिसतायत. नर कुठाय?"

"काढले," मी म्हटलं.

"सगळे?"

मी मान हलवली. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला त्या मांडवात धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पपईत चालतं ना, मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, "मावशी, पपईत तुम्ही तुमचा नर तोडता, पण शेजाऱ्याच्या परसात एखादा असतोच की. परागकण तिथून येतात. याचा नर तुमच्या आसपास कुणाकडे आहे?"

कुणाकडे असणार? सबंध तालुक्यात या झाडाचं नाव माहीत असलेली मी एकटी. उभा जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात काढला मी. मूल होत नाही म्हणून बायकोला घेऊन येणाऱ्या नवऱ्यांना मी डोळे वटारून सांगितलं आहे, एकट्या तिला काय तपासता, तुम्हीही तपासून घ्या. आणि माळावर जाऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. जीपमध्ये मी तोंडावर पदर घेऊन बसले होते. शेजारच्यानं विचारलं, सिस्टर, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

त्या मुलीनं एक उपाय सांगितला होता. नराची एक फांदी कुठूनतरी आणून मादी झाडावर कलम करायची, दोन-तीन वर्षांत ती फुलते, एकाच झाडावर दोघं नांदतात. ते घेऊन मी दादाकडे गेले. सगळं खरं सांगितलं. माझी चूक झाली, मी मूर्ख, पण मला तीन दिवाळ्या वाढवून दे. तू स्वतः बघितलंयस मी काय कष्ट केले.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाय, चुलत्यांसमोर ठरलेलं. त्येंच्या माघारी आता मी शब्द फिरवू?" चुलते मधल्या काळात वारले होते. "तूच बोललेलीस ना, ठरलं म्हणून?"

बोललेच होते. आणि चूक माझी होती, हे माझ्या मनात इतकं बसलं होतं की मला भांडायला तोंडच उरलं नव्हतं. त्यानं फसवलं असतं तर मी कोर्टात ओढला असता, हे मी तेव्हा मनाशी म्हटलंही. पण फसवलं कुठे होतं? स्वतःच्या अकलेनं मी हरले होते. हरले तर हरले, रडीचा डाव खेळणार नाही, असं म्हणत मी दिवाळी झाल्यावर मुरबाडच्या कचेरीत जाऊन सही केली. साहेबांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना, राजीखुशीनं देताय ना? मी म्हटलं, हो. अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढून घेतला. फोटोत मी हसते आहे.

वहिनीनं आणलेली साडी माझ्या मांडीवर होती. मोरपंखी, चांगली भारीतली. दादा म्हणाला, पेढे घेऊन येतो, आणि बाजारात गेला. आम्ही दोघी एसटी स्टँडच्या बाकावर बसलो. वहिनी माझ्याहून वयानं लहान, दादाच्या शब्दाबाहेर कधी न गेलेली. तिनं एकदम माझा हात धरला.

"ताई, माज्यानं आता ऱ्हावत नाय," ती म्हणाली. "तुमी मला शिव्या द्या, पण आयका. तुमी नर तोडलेत ना, त्येच्या आदल्या आठवड्यात तो शापूरचा नर्सरीवाला आपल्याकडं आलता. फार्मावर झाडं द्यायला आलेला, वळणावरनं तुमची झाडं दिसली म्हणून आत आला. मीच च्या दिला त्याला. त्यानं सांगितलं, फुलं आली हायत, आता ताईंना सांगा, नर सगळे काढू नका, दहाला एक तरी ठेवा, नाय तर मादीला शेंग धरणार नाय."

"मग?" मी म्हटलं.

"हे बोलले, सांगतो. तो गेल्यावर मला बोलले, तू मधी पडू नको." ती रडायला लागली. "मला वाटलं, सांगतील. रविवारी तुमी आलात तवा मी चुलीजवळ होते. मी आयकत होते."

ओटीवर धार लावत बसलेला दादा. वर न बघता बोललेला. तुजी झाडं, तुजा इचार. आणि मुळापासनं काढ, परत फुटतील. दोन रविवार त्यानं पहार चालवली होती, आणि मला भरून आलं होतं!

तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. वहिनीचा चेहरा बघितला आणि समजला. पळाला नाही, ओरडला नाही. पुडा बाकावर ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"खरं आहे?" मी विचारलं.

"मी बोललो काय, तोड म्हणून?" तो म्हणाला. "तुजी झाडं होती. तूच तोडायला निघालीस."

"दादा, मुळापासून काढ म्हणालास ना रे."

त्यावर त्यानं मान खाली घातली. आजूबाजूला माणसं बघत होती, कंडक्टर कल्याण-कल्याण ओरडत होता. मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं, तिथेच, सगळ्यांदेखत. साठीला आलेल्या माझ्या भावाच्या. हात उचलला नाही, कारण मांडीवर साडी होती आणि ती खाली पडली असती. असल्या वेळी माणूस काय काय सांभाळतो!

"माळ पाहिजे होता तुला?" मी म्हटलं. "त्या दगडांसाठी केलंस?"

"माळ कुणाला पायजे गो," तो म्हणाला. "पण बहिणीनं वाटा मागून घेतला, असं गावानं माज्या पोरांना बोलून दाखवलं असतं. माज्या तोंडावर बोलले असते."

"मग तेव्हाच सांगायचंस. तेराव्याला पाया पडून सांगितलं असतंस, बाय, माझी अब्रू राख, तर मी त्याच दिवशी सही केली असती. आठ वर्षं मला कशाला राबवलंस?"

दादानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते, आणि तेच मला अजून सहन होत नाही. तो म्हणाला, "तू दर रविवारी येत होतीस ना पण. सही झाल्यावर कुठली बहीण येते अशी? झाडं हायत तिथंच, मी तोडणार नाय. तुजीच हायत. ये, सावलीत बस."

मी गाडीत चढले. पेढ्यांचा पुडा वहिनीनं खिडकीतून आत टाकला, तो मी कुणा लेकरांना वाटून टाकला. याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून एकाही रविवारी मी गावात गेलेली नाही, आणि दादा सगळ्यांना सांगतो की बाय जमिनीसाठी रुसली.